वॉर्डमधलं नेतृत्व आणि परिचारिकांचं समाधान: काय तपासावं, काय बदलावं

परिचारिका नोकरीला विटली आहे हे इन्चार्जला बहुतेक वेळा उशिरा कळतं. बदलीचा अर्ज येतो, आजारपणाच्या रजा वाढतात, नाहीतर थेट राजीनामाच हातात पडतो. त्याआधी महिनोन्‌महिने बरंच काही साचलेलं असतं. मागितलेली सुट्टी का मिळाली नाही हे कुणी सांगितलेलं नसतं. नातेवाईक अंगावर ओरडत असताना इन्चार्ज केबिनमध्येच बसून राहिलेल्या असतात. बिघडलेल्या सक्शन मशीनबद्दल चार वेळा सांगूनही काहीच हललेलं नसतं. प्रशिक्षणवर्गात ‘नेतृत्वशैली’ हा शब्द भारदस्त वाटतो. वॉर्डात मात्र ही शैली ड्युटी लिस्ट, ओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या पाळीला देणं), चूक झाल्यानंतरचा पहिला तास आणि अडचण सांगितल्यावर मिळणारं उत्तर, अशा मोजक्या जागी दिसते. बदल करायचा तर याच जागी करावा लागतो. पुढचं सगळं वॉर्ड इन्चार्जसाठी आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मेट्रनसाठी आहे.

आधी आपली शैली ओळखा

कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये मुलांच्या गटांवर केलेल्या प्रयोगांतून तीन शैली मांडल्या: हुकूमशाही, सहभागी आणि मोकळं सोडून देणारी. हुकूमशाही गटातली मुलं नेता समोर असेपर्यंत काम करत आणि तो बाहेर गेला की काम मंदावे. सहभागी गटात नेता नसतानाही काम चालू राही. रात्रपाळीला इन्चार्ज वॉर्डात नसतात, त्यामुळे हा फरक आपल्याला फार जवळचा आहे.

पुढे जेम्स बर्न्स यांनी १९७८ मध्ये आणि बर्नार्ड बास यांनी १९८५ मध्ये दुसरी विभागणी रूढ केली. त्यातलं परिवर्तनशील नेतृत्व माणसाला कामाचा अर्थ दाखवतं, त्याच्या वाढीकडे लक्ष देतं आणि प्रश्न विचारायला लावतं. देवाणघेवाणीचं नेतृत्व ‘हे केलंस तर हे मिळेल, चुकलीस तर मेमो’ अशा हिशोबावर चालतं. तिसरा प्रकार म्हणजे नेतृत्वच नसणं. परिचारिकांवरच्या अभ्यासांत साधारणपणे असं दिसतं की माणसांकडे आणि नात्यांकडे लक्ष देणाऱ्या शैलीसोबत समाधान जास्त असतं, तर फक्त काम उरकण्याकडे पाहणाऱ्या शैलीसोबत कमी. हात झटकून बाजूला राहणारी शैली सर्वांत जास्त नुकसान करणाऱ्यांत मोडते. पण ती लवकर ओळखू येत नाही, कारण असे इन्चार्ज बहुधा स्वभावाने गोड असतात. ते कुणाला बोलत नाहीत, कुणाला नाही म्हणत नाहीत आणि कुणासाठी काही करतही नाहीत. ओरडणाऱ्या इन्चार्जविरुद्ध तक्रार करता येते. न बोलणाऱ्याविरुद्ध तक्रार तरी काय लिहायची?

स्वतःची शैली ओळखण्यासाठी स्वतःलाच प्रश्न विचारून भागत नाही. बहुतेक इन्चार्ज स्वतःला सहभागी समजतात आणि त्यांच्या हाताखालच्यांचं मत वेगळं असतं. म्हणून मागच्या चार आठवड्यांतले निर्णय कागदावर उतरवा: ड्युटीतले बदल, सामानाचं इंडेंट (मागणीपत्र), रुग्णांची वाटणी, नव्या नोंदवहीचा नमुना, कुणाला कुठल्या प्रशिक्षणाला पाठवलं. प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण करा: ‘मी ठरवून सांगितलं’, ‘विचारून ठरवलं’ किंवा ‘ठरवलंच नाही, आपोआप झालं’. तिसऱ्या खुणा पाचातून एकाहून जास्त आल्या, तर बाकीचं काहीही सुधारण्याआधी तिथे हात घाला.

मोजल्याशिवाय बदलू नका

नुसत्या अंदाजावर सुरू केलेला बदल दोन महिन्यांत विरून जातो, कारण तो उपयोगी पडला की नाही हेच कळत नाही. सुरुवातीला दोन प्रकारची माहिती गोळा करा.

पहिली माहिती वॉर्डाच्या नोंदींतच असते. मागच्या सहा महिन्यांचे महिनावार आकडे काढा: अचानक घेतलेल्या एक-दोन दिवसांच्या आजारी रजा, डबल ड्युट्या, ड्युटी संपल्यावर थांबावं लागलेले तास, लिस्ट लागल्यानंतर झालेले बदल, बदलीचे अर्ज आणि नोंदवलेल्या चुका व थोडक्यात टळलेल्या चुका. शेवटचा आकडा नीट वाचायला हवा, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

दुसरी माहिती प्रश्नावलीतून येते. आयलीन लेक यांनी २००२ मध्ये परिचारिकांच्या कामाचं वातावरण मोजण्यासाठी ३१ विधानांची मोजपट्टी तयार केली आणि ती जगभर वापरली जाते. तिचे पाच भाग आहेत: रुग्णालयाच्या निर्णयांत सहभाग, शुश्रूषेच्या गुणवत्तेचा पाया, इन्चार्जची क्षमता व पाठिंबा, मनुष्यबळ व साधनं, आणि डॉक्टरांशी असलेलं नातं. उत्तरं १ ते ४ अशी असतात आणि सरासरी २.५ च्या वर असेल तर मत अनुकूल धरतात. नेतृत्वाचा भाग वेगळा निघतो हा तिचा मोठा फायदा. मनुष्यबळाचा आकडा खाली आणि इन्चार्जचा वर असेल, तर उपाय वरच्या कार्यालयात शोधावा लागतो. दोन्ही खाली असतील तर सुरुवात वॉर्डातून होऊ शकते. अशा मोजपट्ट्या वापरण्याआधी परवानगी लागते का हे तपासा.

एवढी सोय नसेल तर सहा विधानं पुरतात, १ ते ५ गुणांत:

१. माझी ड्युटी न्याय्य पद्धतीने लागते.
२. चूक झाली तर मी न घाबरता इन्चार्जना सांगू शकते.
३. मी मांडलेल्या अडचणीला उत्तर मिळतं, उत्तर ‘नाही’ असलं तरी.
४. इतरांनी अपमान केला तर इन्चार्ज माझ्या बाजूने उभ्या राहतात.
५. मागच्या महिन्यात माझ्या एखाद्या नेमक्या कामाची दखल घेतली गेली.
६. मला काहीतरी नवं शिकायला मिळतं.

प्रश्नावलीची सर्वांत मोठी फसगत नाव लपवण्यात होते. १४ जणींच्या वॉर्डात वय, अनुभव आणि पाळी विचारली की कागद कुणाचा हे लगेच कळतं, मग सगळ्या चार-चार गुण देऊन मोकळ्या होतात. अशी माहिती विचारूच नका, हाताने लिहायची जागा ठेवू नका आणि कागद इन्चार्जच्या हाती न जाता दुसऱ्या विभागातल्या कुणाकडे जमा होऊ द्या. पाचपेक्षा कमी जणींच्या गटाची सरासरी वेगळी दाखवू नका. आणि निकाल तीन आठवड्यांच्या आत सर्वांसमोर मांडा, वाईट असला तरी. निकाल दाबला, तर पुढच्या वेळी कुणी खरं लिहिणार नाही.

ड्युटी लिस्ट: न्याय इथेच दिसतो

इन्चार्ज किती प्रेरणादायी बोलतात हे परिचारिका आठवड्याभरात विसरते. सलग दुसऱ्या महिन्यात आपल्यालाच सात नाइट आल्या हे ती विसरत नाही. ‘तोंड पाहून ड्युटी लावतात’ हे वाक्य एकदा वॉर्डात फिरू लागलं की बाकीचे सगळे प्रयत्न त्याखाली दबतात. म्हणून सुरुवात इथून करा.

एक मोजणीपत्रक बनवा. प्रत्येकीच्या नावापुढे मागच्या तीन महिन्यांतल्या नाइट, रविवार, सणासुदीच्या ड्युट्या, डबल ड्युट्या आणि नाकारलेल्या विनंत्या लिहा आणि ते लिस्टशेजारीच लावा. बहुतेक इन्चार्जना इथे पहिला धक्का बसतो. कुठलाही हेतू नसताना, जी कधी नाही म्हणत नाही तिच्याच वाट्याला जास्त ओझं गेलेलं असतं. अशीच परिचारिका एक दिवस काहीही न बोलता राजीनामा देते.

मग नियम ठरवा. हे नियम सगळ्यांना बसवून ठरवायचे, पण काही गोष्टी मतदानाला ठेवायच्या नाहीत, कारण त्या रुग्णाच्या आणि परिचारिकेच्या सुरक्षिततेच्या आहेत:

– दोन ड्युट्यांमध्ये किमान ११ तास. संध्याकाळची ड्युटी रात्री ९ ला संपून सकाळची ७ ला सुरू होत असेल तर मधे १० तासच राहतात आणि त्यातूनच जाणं-येणं वजा होतं. ‘संध्याकाळनंतर लगेच सकाळ’ ही जोडी शक्यतो लावूच नका.
– सलग नाइट तीनपर्यंत ठेवण्याचा प्रयत्न करा आणि त्यानंतर दोन पूर्ण दिवस ऑफ द्या. नाइट संपवून सकाळी घरी जाण्याचा दिवस ऑफमध्ये मोजू नका.
– पाळी सकाळ, संध्याकाळ, रात्र अशी पुढे सरकवा. उलट्या क्रमाने फिरवलं की झोपेचं चक्र जुळायला जास्त त्रास होतो.
– प्रत्येक पाळीत किमान एक अनुभवी परिचारिका. दोन नव्या एकत्र लावून ‘त्या शिकतील’ म्हणू नका.

या चौकटीच्या आत मात्र मोकळीक द्या. विनंतीची वही ठेवा, तारखेनुसार ओळी आणि विनंती आली त्या दिवसाची नोंद. प्रत्येकीला महिन्यात दोन ‘पक्क्या’ विनंत्या. एकाच दिवसासाठी जास्त विनंत्या आल्या तर कुणाला द्यायचं याचा क्रम आधीच ठरलेला हवा: मागच्या वेळी जिला नाकारलं तिला आधी. लिस्ट किमान दोन आठवडे आधी लावा, चार आठवडे आधी जमलं तर फारच उत्तम. लागल्यानंतर बदल करायचा असेल तर तो त्या परिचारिकेला प्रत्यक्ष किंवा फोनवर सांगूनच करा. गुपचूप खोडून केलेला बदल ती सकाळी आल्यावर पाहते, तेव्हा तिला आपण माणूस नसून रिकामा चौकोन आहोत असं वाटतं.

अचानक कुणी आलं नाही तर थांबवायचं कुणाला, याची वेगळी यादी ठेवा. जिच्या शेवटच्या डबल ड्युटीला सर्वांत जास्त दिवस झाले ती यादीत वर आणि थांबली की तळाशी. अडचण असेल तर ती एकदा पुढे ढकलू शकेल, पण नाव वरच राहील. एवढ्या साध्या यादीने संध्याकाळी सात वाजताची निम्मी भांडणं मिटतात.

स्वतःची लिस्ट स्वतः भरण्याची पद्धत आणायची असेल तर थोडं थांबून. त्यात परिचारिकेचा कामावरचा ताबा वाढतो, पण चौकट नसताना ती सुरू केली की जी आधी येईल किंवा जी मोठ्याने बोलेल तिला चांगल्या ड्युट्या मिळतात, नवीन आणि अबोल मुलींना उरलेल्या. आधी तीन महिने मोजणीपत्रक चालवा, मग दर महिन्याला भरण्याचा क्रम फिरता ठेवून सुरुवात करा.

ओव्हर आणि भिंतीवरचा फळा

सहभागी नेतृत्व म्हणजे महिन्यातून एकदा तासभराची मीटिंग, हा समज चुकीचा आहे. अशा मीटिंगमध्ये नाइट करून आलेल्या अर्ध्या झोपेत असतात आणि बोलतात त्या ठरावीक दोघी. त्यापेक्षा सकाळच्या ओव्हरनंतर पाच मिनिटं उभ्याउभ्या पुरतात. प्रश्न दोनच: ‘आज कुठल्या रुग्णाची जास्त काळजी वाटते?’ आणि ‘आज कुठे काम अडेल?’ सर्वांत नवीन परिचारिकेला आधी बोलू द्या. सिनियर बोलून झाल्यावर ज्युनियर वेगळं मत देत नाही.

अडचणी फळ्यावर लिहा, चार रकाने: काय, कुणी सांगितलं, कोण बघणार, कुठल्या तारखेपर्यंत. तारखेच्या रकान्यात ‘लवकरच’ लिहू नका. एका वेळी फळ्यावर सहापेक्षा जास्त गोष्टी नकोत, नाहीतर सगळ्याच तशाच राहतात. त्या तारखेला काम झालं नसेल तर त्याच सकाळी सांगा: ‘नवा मॉनिटर या तिमाहीत मंजूर झाला नाही, कारण हे, पुन्हा मागणी या तारखेला टाकणार.’ ‘नाही’ ऐकून परिचारिका जेवढी दुखावते, त्याहून कितीतरी जास्त ती काहीच न ऐकल्याने दुखावते. आपण सांगितलेलं कुठल्या तरी विहिरीत पडतं, असं वाटायला लागलं की ती सांगणंच थांबवते. आणि मग ‘आमच्या वॉर्डात काही तक्रारी नाहीत’ असं इन्चार्ज अभिमानाने सांगू लागतात.

विचारायचं नाही तिथे विचारू नका, हेही तितकंच महत्त्वाचं. निर्णय वरून ठरून आला असेल तर मतं मागवण्याचा देखावा नको. ‘हे ठरलं आहे, ते आपण कसं राबवायचं एवढंच आपल्या हातात आहे’ असं स्वच्छ सांगा. खोटा सहभाग हुकमापेक्षा जास्त जिव्हारी लागतो.

चूक झाली तेव्हाचा पहिला तास

एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांच्या आठ विभागांमधल्या औषधांच्या चुकांवर अभ्यास केला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत कमी चुका सापडतील अशी अपेक्षा होती. सापडल्या जास्त. उलगडा असा झाला की तिथे चुका अधिक होत होत्या असं मानण्याचं कारण नव्हतं, तिथल्या परिचारिका त्या सांगायला घाबरत नव्हत्या. म्हणून वर म्हटलं की नोंदवलेल्या चुकांचा आकडा नीट वाचायला हवा. शैली बदलल्यानंतर पहिल्या तीन-चार महिन्यांत हा आकडा वाढला तर ते बहुधा चांगलं लक्षण असतं. मेट्रननी नेमक्या त्याच वेळी ‘तुमच्या वॉर्डात चुका का वाढल्या?’ असा खुलासा मागितला, तर सगळी मेहनत पाण्यात जाते. त्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा. सोबत रुग्णाला खरोखर इजा झालेल्या घटना वेगळ्या मोजा, त्या मात्र वाढता कामा नयेत.

चुकीचं औषध किंवा चुकीचा डोस गेला, असं परिचारिका सांगायला आली की क्रम असा ठेवा. आधी रुग्ण: नाडी, रक्तदाब, डॉक्टरांना कळवणं, पुढची निगराणी. मग ती परिचारिका: तिला ड्युटी चालू ठेवता येईल का हे विचारा, हात थरथरत असताना पुढचं इंजेक्शन भरायला लावू नका. पण तिला न विचारता सगळ्यांदेखत कामावरून बाजूलाही करू नका, ती शिक्षाच वाटते. कागदपत्रं तिसऱ्या क्रमांकावर, त्याच पाळीत, घटना ताजी असताना.

पहिलं वाक्य आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी राग येतोच: ‘बरं झालं लगेच सांगितलंस. आधी पेशंटकडे बघू.’ ‘कुणी केलं?’ हा प्रश्न नको. ‘त्या वेळी काय काय चालू होतं?’ हा हवा. एकसारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या शेजारी होत्या का, औषध भरताना किती वेळा हाक आली, ऑर्डरचं अक्षर वाचता येत होतं का, एकीकडे किती रुग्ण होते.

मग प्रकार ठरवा. नकळत झालेली चूक असेल तर धीर द्या आणि व्यवस्था दुरुस्त करा. सगळेच मारतात तसा शॉर्टकट असेल, जसं रुग्णाचं नाव न विचारता फक्त खाट क्रमांकावर औषध देणं, तर समजावून सांगा आणि तो शॉर्टकट का लागतो हे शोधा. जाणूनबुजून धोका पत्करला असेल तर शिस्तीची कारवाई करा आणि ती टाळू नका, कारण निष्काळजी माणसाला पाठीशी घातलं की नीट काम करणाऱ्यांचं मन उडतं. शंका असेल तेव्हा एक कसोटी लावा: तेवढ्याच अनुभवाची दुसरी परिचारिका त्याच परिस्थितीत असती तर तिच्याकडूनही हे झालं असतं का? उत्तर ‘हो’ आलं तर मेमो फाइलमध्ये टाकून काहीच सुधारणार नाही.

दुसऱ्या दिवशी आणि साधारण आठवड्याने तिच्याशी पाच मिनिटं बोला. झोप लागते का एवढं विचारलं तरी चालेल.

हुकूम द्यायची वेळ

रुग्णाचं हृदय थांबलं, आग लागली, एकाच वेळी वीस जखमी आले. इथे कुणाचं मत विचारायचं नसतं. हुकूमशाही शैली इथे हवीच, आणि परिचारिकांनाही ती हवी असते. गोंधळात कुणीच ताबा घेतला नाही तर त्यांना जास्त असुरक्षित वाटतं. हुकूम नाव घेऊन आणि एकच काम सांगून द्या. ‘कुणीतरी अॅड्रेनालीन आणा’ म्हटलं की तिघी धावतात किंवा कुणीच नाही. ज्या परिचारिकेला सांगितलं तिने ते शब्द परत म्हणायचे आणि झालं की ‘झालं’ असं मोठ्याने सांगायचं.

बिघडतं ते नंतर. अतिदक्षता विभाग आणि अपघात विभागात तोच स्वर दिवसभर राहतो: चहाला जाण्याची परवानगीही कोड ब्लूच्या (हृदय थांबलेल्या रुग्णासाठी दिलेल्या हाकेच्या) आवाजात. म्हणून प्रत्येक आणीबाणीनंतर त्याच पाळीत दहा मिनिटं काढा. काय जमलं, काय अडलं, क्रॅश कार्टमध्ये (आणीबाणीच्या औषधांच्या आणि साधनांच्या गाडीत) काय सापडलं नाही. त्या दहा मिनिटांत इन्चार्जनी शेवटी बोलायचं. आपला स्वर चढला असेल तर तेही तिथेच मान्य करा.

नवीन परिचारिका आणि जुनी

सगळ्यांशी सारखं वागणं म्हणजे न्याय, असं वाटतं. ड्युटीच्या बाबतीत ते खरं, मार्गदर्शनाच्या बाबतीत नाही. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी १९६९ पासून मांडलेली परिस्थितीनुसार नेतृत्वाची कल्पना इथे कामी येते: समोरच्याची तयारी पाहून सांगणं, पटवणं, सहभागी करणं किंवा सोपवणं.

नवीन परिचारिकेला पहिले तीन महिने ‘तुला योग्य वाटेल तसं कर’ म्हणणं तिला स्वातंत्र्य वाटत नाही, वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं. तिला नेमक्या पायऱ्या, एक ठरावीक सिनियर आणि आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं हवीत. उलट पंधरा वर्षांच्या परिचारिकेला इंजेक्शनची तयारी कशी करायची ते समजावत बसलात तर तो अपमान आहे. तिला एखादं क्षेत्र सोपवा, उदाहरणार्थ जंतुसंसर्ग नियंत्रण, जखमांची काळजी किंवा नव्यांचं शिक्षण. सोपवताना अधिकारही द्या. जबाबदारी तिची आणि प्रत्येक सही इन्चार्जची, अशाने फक्त काम वाढतं. दोन्ही टोकांच्या मधली, चार-पाच वर्षांची परिचारिका बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहते. तिला शिकवण्याची गरज संपलेली असते, सिनियर म्हणून मान अजून मिळालेला नसतो. सहा महिन्यांतून एकदा तिच्याशी पुढच्या दोन वर्षांबद्दल बोला.

कौतुक, आणि बाजू घेणं

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलं की नाराजी दूर करणाऱ्या गोष्टी आणि समाधान देणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात. पगार, नियम, देखरेख आणि कामाची जागा बिघडली की माणूस नाराज होतो. ती सुधारली की नाराजी जाते, पण कामात जीव ओतावासा वाटतो तो दखल, जबाबदारी आणि वाढ यांमुळे. त्यामुळे ड्युटी लिस्ट अन्यायाची असताना ‘महिन्याची सर्वोत्तम परिचारिका’ हा फोटो भिंतीवर लावू नका, तो जखमेवर मीठ ठरतो. कौतुक २४ तासांच्या आत आणि नेमकं करा: ‘खाट सातच्या आजोबांचा श्वास वाढलेला तू वेळेत ओळखलास आणि डॉक्टरांना दुसऱ्यांदा फोन केलास, म्हणून ते आज इथे आहेत.’ ‘छान काम करता सगळ्या’ हे कुणालाच लागू होत नाही.

बाजू घेण्याबद्दल थोडक्यात. डॉक्टर किंवा नातेवाईक परिचारिकेवर ओरडत असतील तर इन्चार्जनी तिच्या शेजारी जाऊन उभं राहायचं आणि शांतपणे म्हणायचं: ‘मी इन्चार्ज आहे, माझ्याशी बोला, आपण बाजूला जाऊ.’ चूक तिची असली तरी. ती चूक नंतर दार बंद करून बोलता येते. सगळ्यांसमोर तिला ‘सॉरी म्हण’ सांगितलं, तर तो प्रसंग ती नोकरी सोडेपर्यंत विसरत नाही.

शैलीने न सुटणारं

लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की नोकरीबद्दल असमाधानाची शक्यता १५ टक्क्यांनी, पार थकून जाण्याची २३ टक्क्यांनी आणि ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हे आकडे ‘ऑड्स’ या मापातले, म्हणजे घडणं आणि न घडणं यांच्या प्रमाणातले आहेत. गोड बोलून ही वाढ भरून निघत नाही. कमी माणसांत हसतमुख राहा, असं परिचारिकांना सांगणारा इन्चार्ज कितीही प्रेमळ असला तरी त्याच्यावरचा विश्वास उडतो.

तुटवडा असेल तेव्हा इन्चार्जचं काम तो वर पोहोचवण्याचं असतं, आणि ते तोंडी होत नाही. दर आठवड्याला एका पानाची नोंद पाठवा: तारीख, पाळी, भरलेल्या खाटा, हजर परिचारिका, गंभीर रुग्ण, थांबावं लागलेले तास आणि कुठली शुश्रूषा राहून गेली. कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता, चालवणं, रुग्णाला घरी जाताना नीट समजावणं, हीच कामं सर्वांत आधी सुटतात. त्या पानाची प्रत वॉर्डात लावा. आपल्या इन्चार्ज आपल्यासाठी लिहितात हे दिसणंही महत्त्वाचं असतं. त्याच वेळी, आज काय करायचं नाही हे इन्चार्जनी स्वतः ठरवून सांगा. कमी माणसांत काय सोडायचं याचा अपराधीपणा एकट्या परिचारिकेवर टाकू नका.

मेट्रनसाठीही एक गोष्ट. डायन डोरान आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कॅनडातल्या रुग्णालयांवरच्या अहवालात दाखवलं की एका व्यवस्थापकाच्या हाताखाली माणसं फार वाढली की चांगल्या शैलीचा परिणामही ओसरतो. साठ-सत्तर जणींशी महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं बोलायची म्हटली तर पंधरा ते साडेसतरा तास लागतात, आणि इन्चार्जचा तेवढा वेळ आज इंडेंट, स्टॉक आणि रजिस्टरं खातात. इन्चार्जना दुसऱ्या प्रशिक्षणवर्गाला पाठवण्याआधी एक मदतनीस कारकून आणि प्रत्येक पाळीला एक उप-इन्चार्ज देता येतो का ते पाहा.

सहा विधानांची प्रश्नावली सहा महिन्यांनी पुन्हा त्याच पद्धतीने घ्या. पहिल्या आणि तिसऱ्या विधानाचे गुण लवकर हलतात, कारण लिस्ट आणि फळा रोज डोळ्यांसमोर असतात. चूक सांगण्याच्या दुसऱ्या विधानाला जास्त वेळ लागतो: एखादी खरी चूक होऊन, ती सांगून, सांगणारीला काही झालं नाही हे सगळ्यांनी पाहावं लागतं. तो आकडा तेवढाच राहिला तर घाईने नवं काही सुरू करू नका. मागच्या सहा महिन्यांत जिने चूक सांगितली तिच्याशी कसं वागलं गेलं, हे आधी तपासा.